त्यांच्या नावाने

नोटीस चिकटवणाऱ्याने खळ फार सढळ हाताने फासली होती. कागदाच्या खालच्या कडेतून ती ओघळून शटरच्या पट्ट्यांवर वाळत चालली होती, आणि अक्काला आधी राग आला तो त्या खळीचाच. शटर कालच पुसलं होतं. आतून ओलं फडकं आणून ती ओघळ पुसू लागली आणि पुसता पुसता डोळे अक्षरांवर गेले. रस्तारुंदी. नव्या विधानभवनाकडे जाणारा मार्ग. गल्लीची उजवी बाजू संपूर्ण. जागा रिकामी करून द्यावी, अन्यथा. ‘अन्यथा’च्या पुढे बरंच काही होतं, ते तिने सोडून दिलं, कारण तळाशी सहीच्या वर एक ओळ होती: राज्यपालांच्या आदेशानुसार व त्यांच्या नावाने. सही कुणा अवर सचिवाची होती, मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखी लांबलेली. तिच्या हातातलं फडकं थांबलं. राज्यपाल तिचा पाठचा भाऊ होता. घरात त्याला बाळ म्हणत, आणि केस पिकून गळून गेले तरी तिच्या तोंडी तो बाळच होता. आपल्या दाराला बाळचं नाव चिकटलेलं पाहून तिला क्षणभर, कसं कोण जाणे, बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचा इतका संताप आला की तिने ओलं फडकं सरळ कागदावरूनच फिरवलं. शाई पक्की होती. हलली नाही.

तोवर गल्ली जागी झाली होती. समोरच्या डाव्या बाजूला नुसतं एक लांबलचक बंद गोदाम होतं, त्यामुळे गल्लीची सगळी माणसं उजव्या बाजूलाच असत आणि एकमेकांच्या पायरीवर बसूनच त्यांची सकाळ होई. घड्याळजी डोळ्याला भिंग तसंच लावून आला आणि भिंगातूनच नोटीस वाचू लागला. तो साऱ्या गल्लीत तोंडाने सगळ्यात सैल. ‘‘कवळीताई,’’ तो म्हणाला, ‘‘घरचा आहेर आला की हो!’’ अक्का कवळ्या बनवायची. दंतवैद्य तोंडाची मापं पाठवत आणि ती त्यावरून दात घडवी, म्हणून गल्लीत तिचं नाव कवळीताई. ‘‘चला, कुणाच्या नावाने खडे फोडायचे ते तरी कळलं. नाहीतर सरकार म्हणजे बिनचेहऱ्याचं भूत.’’ कुणी हसलं, कुणी नाही. शेजारची शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवून उभी होती. तिचं दुकान नवऱ्यामागे तिने एकटीने चालवलेलं. ती म्हणाली, ‘‘तुम्ही हसताय काय? उलट बरंच झालं म्हणा. परका असता तर कुणाचे पाय धरायचे? ताई, तुमचे भाऊ आहेत. त्यांना ठाऊकच नसेल ही कुठली गल्ली ते. शंभर कागद पुढ्यात येत असतील, केली असेल सही. तुम्ही जाऊन सांगितलंत की फिरवतील.’’ आणि बघता बघता सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. लोकांना त्या नावाचा धीर वाटत होता आणि अक्काला त्या धीराची भीती वाटत होती.

तिच्या वडिलांना घरातल्या बायकांशी बोलायची सवय नव्हती. ते मारत नसत, ओरडत नसत, बोलतच नसत. जे सांगायचं ते बाळच्या तोंडून. बाळ पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत यायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा आणि म्हणायचा, बाबांनी सांगितलंय. बाबांनी सांगितलंय, कपडे आज धोब्याकडे गेले पाहिजेत. बाबांनी सांगितलंय, मामांना जेवायला थांबवू नका. आवाज कोवळा, आणि शब्द मात्र एखाद्या मोठ्या माणसाचा कोट अंगावर घातल्यासारखे, बाह्या लोंबणारे. आई हसायची, त्याच्या गालाला हात लावायची आणि सांगितलेलं करायची. मग एका दुपारी तो असाच येऊन उभा राहिला, तोंडात अर्धा पाव, आणि म्हणाला, बाबांनी सांगितलंय, अक्काने यंदापासून कॉलेजला जाऊ नये. अक्काला दंतवैद्य व्हायचं होतं. प्रवेश मिळालेला होता. तिने हातातली परात खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो पाव चावत होता. त्याला काही वाईट वाटत नव्हतं, काही चांगलंही वाटत नव्हतं. निरोप पोचला होता आणि तो मोकळा झाला होता. त्या दिवशी तिने त्याला थोबाडीत दिली नाही. निरोप्याला कोण मारतं? पुढे ती एका म्हाताऱ्या दंतवैद्याच्या मागच्या खोलीत मेण वितळवायला शिकली, प्लास्टर कालवायला शिकली, गुलाबी हिरड्यांत एकेक दात उभा करायला शिकली, आणि डोळ्यांची आणि छातीची वाट लावून तिने ही जागा घेतली, खाली दुकान, वर दोन खोल्या. बाळ कायदा शिकला, शिकवू लागला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुणाशी वाकडं नाही. अशा माणसाचा एक दिवस राज्यपाल होतो. वरच्यांनी नेमला आणि इथल्यांनी हरकत घेतली नाही.

नोटिशीवरून तिने त्याला फोन केला नाही. दुपारी त्याच्याच कचेरीतून फोन आला. तिथला एक अधिकारी अतिशय नम्रपणे म्हणाला, साहेबांची खालची कवळी बोचते आहे, परवा अभिभाषण आहे, आपण येऊ शकाल का, गाडी पाठवतो. तिने गाडी नको म्हटलं. पेटी घेतली, कवळी घासायचं हातमशीन घेतलं, जांभळी पेन्सिल घेतली आणि बसने गेली. बसमध्ये तिच्या मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती. प्रत्येक वाक्य बाळ या शब्दापाशी यायचं आणि मऊ पडायचं. तिला स्वतःच्या या मऊपणाची शिसारी आली. पन्नास वर्षं राग असा कढत ठेवायचा आणि वाढायची वेळ आली की पळी सापडू नये!

राज्यपाल निवासातली ती खोली एवढी मोठी होती की तिच्यात माणूस ठेवून विसरल्यासारखा दिसे. बाळ खिडकीपाशी बसला होता, तोंडावर रुमाल धरून. लाजला होता. नोकरांसमोर तो कवळी काढत नसे. सगळे बाहेर गेल्यावर त्याने ती काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि त्याचा चेहरा एकदम आत बुडाला, हनुवटी नाकाच्या भेटीला निघाली. तिने त्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं. डावीकडे लालसर फोड. ‘‘हिरडी झिजते, कवळी झिजत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तोंड बदललं की दात बोचणारच.’’ फोडावर जांभळ्या पेन्सिलीचा ठिपका ठेवला, कवळी एकदा बसवून काढली आणि खूण कुठे उमटली ते उजेडात पाहिलं. हे सगळं करताना तिला अचानक जाणवलं की साऱ्या राज्याचा कारभार ज्याच्या नावाने चालतो त्याचे दात आत्ता आपल्या मुठीत आहेत. परवा याला भर सभेत तासभर वाचायचं आहे. आपण उठून चालू पडलो तर? बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन, आत हे हसणारे दात? तिला एवढं खदखदून हसू आलं की ते घशातच रागाशी गुंतलं आणि खोकला झाला.

‘‘आमच्या गल्लीला नोटीस आलीय,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या नावाने.’’

बिनदातांच्या तोंडाने तो काहीतरी बोलला. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. तिचा जन्म असल्या तोंडांत गेला होता. तो म्हणाला होता, माझा आदेश नाही तो.

‘‘आदेशानुसार लिहिलंय.’’ मशीन सुरू करून ती खूण उतरवू लागली. गुलाबी भुकटी तिच्या पदरावर सांडत होती. घासायला फार नव्हतं. ती हवं त्याहून हळू घासत राहिली. मग कवळी धुऊन त्याच्या हातात दिली. ती तोंडात बसली, ओठ वर आले, आणि बाळच्या जागी राज्यपाल बसले.

‘‘अक्का, सगळंच माझ्या नावाने निघतं गं. शाळांच्या सुट्ट्या, दारूचे परवाने, पुलांची डागडुजी. कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी असतो, म्हणजे कागदावर. ठरवतं मंत्रिमंडळ. मी यातलं निम्मं पाहतही नाही.’’

‘‘लोक नाव लपवून हात मारतात. तू नाव पुढे करून हात मागे घेतलेस.’’

‘‘हा संकेत आहे. मी कोण निवडून आलेला? मी माझ्या मनाने चालवायला लागलो तर ती लोकशाही नव्हे.’’

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्त चीड आली. ‘‘मग तुझ्या हातात आहे तरी काय? फिती कापायची कात्री?’’

तो उजळला. वर्गात कुणी चांगला प्रश्न विचारल्यावर जसा उजळत असेल तसा. ‘‘फार थोडं. पण आहे. समज, एखाद्या मंत्र्याने एकट्यानेच निर्णय घेतला, बाकीच्यांपुढे विषय आलाच नाही. तर मी मुख्यमंत्र्यांना म्हणू शकतो की हा विषय सगळ्या मंत्रिमंडळापुढे ठेवा. ते त्यांना टाळता येत नाही. पुढे काय ठरवायचं ते त्यांचं. पण ठेवावा लागतो.’’

‘‘आणि आमच्या गल्लीचं कुणी ठरवलं?’’

तो जिभेने कवळीची कड चाचपत राहिला. ‘‘बांधकाममंत्र्यांनी,’’ शेवटी म्हणाला. ‘‘एकट्यांनीच. मी सहज चौकशी केली होती.’’

‘‘समोरचं गोदाम त्यांच्या साडूचं आहे. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आधीच्या आखणीत रस्ता गोदामावरून जात होता.’’

‘‘असेल.’’

‘‘असेल नाही, आहे. सगळ्यांपुढे विषय आला की कुणीतरी विचारील, डावी बाजू रिकामी असताना उजवी का? एवढंच पाहिजे आम्हाला. सांग ना त्यांना, ठेवा म्हणून.’’

‘‘तू तिथे राहतेस, अक्का.’’ तो अगदी हळू म्हणाला. ‘‘उद्या पेपरात येईल, बहिणीचं दुकान वाचवायला राज्यपालांनी सरकारला अडवलं. माझं सोड, पण या पदाची काय शोभा राहील?’’

‘‘आणि मी तिथे नसते तर?’’

‘‘तर प्रश्नच वेगळा होता.’’

‘‘वेगळा म्हणजे? सांगितलं असतंस?’’

‘‘सांगितलं असतं.’’ त्याने खिडकीबाहेर पाहिलं. ‘‘बहुतेक.’’

त्या ‘बहुतेक’कडे तिने लक्ष द्यायला हवं होतं. पण ती परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की गल्लीच्या आणि गल्लीच्या सुटकेच्या मध्ये आपण उभ्या आहोत. आपण, आपलं दुकान, मेणाची शेगडी, वरच्या दोन खोल्या. शिंपीणबाईने ‘‘काय झालं?’’ विचारलं तेव्हा ‘‘बघतो म्हणालाय’’ असं ती बोलून गेली आणि मग जिना चढताना स्वतःवरच दातओठ खाल्ले. आईही असंच करायची. वडिलांचे निरोप आले की त्यांच्या कडा घासून गुळगुळीत करून पुढे द्यायची. अभिभाषणाच्या दिवशी घड्याळजीने दुकानातला रेडिओ मोठा केला आणि गल्ली ते ऐकायला जमली, एखाद्या घरच्या मुलाचं गाणं असावं तशी. माझ्या सरकारने अमुक केलं. माझं सरकार तमुक करील. आवाज स्वच्छ होता, स आणि त खणखणीत. बोचत नव्हतं कुठे. माझं सरकार छोट्या कारागिरांच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे, असं वाक्य आलं तेव्हा शिंपीणबाईने टाळी वाजवली आणि म्हणाली, ‘‘ऐकलंत? आपल्यासाठीच घातलंय ते.’’ अक्काला ठाऊक होतं की त्यातला एक शब्द बाळचा नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं तो वाचत होता, आणि ते वाचायला दात तिने घासून दिले होते. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून कुणीतरी पुन्हा पाव चावत होतं, आणि या वेळी सबंध राज्य ते ऐकून टाळ्या वाजवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती भूसंपादनाच्या कचेरीत गेली आणि तिने आपली जागा सोडल्याची संमती देऊन टाकली. घरात कुणाला विचारायचं नव्हतं, गल्लीत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी अडवलं असतं, आणि अडवल्यावर ती थांबली असती, कारण सही करताना तिला पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटली. ही खोली कशी मिळवली, ही भिंत कुणी रंगवली, जिन्याची तिसरी पायरी पावलाखाली कशी कुरकुरते, हे सगळं तळहातातून वाहून गेल्यासारखं झालं. पण राग तिला धरून होता. राग म्हणत होता, आता बघू. आता मी मध्ये नाही. आता काय सबब काढतोस ते बघू. टेबलापलीकडच्या बाबूने कागद फुंकून वाळवला आणि तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

‘‘फार छान केलंत, मावशी. तुमच्यापासून सुरुवात झाली. आता बाकीच्यांचं सोपं.’’

‘‘बाकीच्यांचं काय सोपं?’’

‘‘अहो, सांगता येईल ना! खुद्द राज्यपालांच्या बहिणीने दिली, तुम्ही काय धरून बसलाय?’’ तो हसला. चांगला माणूस होता, तिच्या हातातली पिशवी जड दिसली म्हणून दार उघडून धरलं. ती बाहेर रस्त्यावर आली आणि उन्हात उभी राहिली. आपण काय करून बसलो ते कळायला तिला वेळ लागला नाही. ते मान्य करायला लागला. माणसं बाजूने जात होती. कुणीतरी ‘‘आजी, बाजूला व्हा’’ म्हणालं. हिशेब अजून जमू शकतो, ती मनाशी म्हणाली. बाळने मुख्यमंत्र्यांना सांगितलं तर अजून जमेल. आजच्या आज सांगितलं तर. ती घरी गेलीच नाही. तशीच, पेटी नाही की हत्यार नाही, राज्यपाल निवासाच्या फाटकाशी गेली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, ‘‘सांगा, बहीण आलीय. दातांसाठी नाही.’’

बाळ आनंदात होता. अभिभाषण चांगलं झालं होतं. ‘‘अक्का, एक शब्द अडकला नाही!’’ त्याने तिच्यासाठी खुर्ची स्वतः ओढली. ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं: मी जागा सोडली, कागद झाला, आता माझं त्या गल्लीत काही नाही, आता पेपरवाल्यांना बोलायला काही नाही. आता सांग.

त्याचे डोळे भरून आल्यासारखे दिसले आणि तिचं मन लगेच धावलं, मूर्खासारखं, पदर सावरत. मग तो म्हणाला, ‘‘तू एवढं केलंस? माझी अडचण व्हायला नको म्हणून?’’

‘‘तुझी अडचण गेली. आता सांग त्यांना, विषय ठेवा म्हणून.’’

‘‘अगं, पण आता...’’ तो खरोखरच गोंधळला होता. ‘‘आता तर पहिली संमती तुझीच. माझ्या बहिणीने राजीखुशीने जागा दिली, आणि मी त्याच कामावर शंका घ्यायची? ते विचित्र दिसेल. आणि तुला दुसरीकडे जागा मिळतेच आहे ना? मी लक्ष घालीन, चांगली मिळेल, उजेडाची. तुझं तर मिटलं. मग आता कशाला?’’

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो लबाडी करत नव्हता. हेच भयंकर होतं. लबाड माणसाचा कान धरता येतो. याला वाटत होतं की काटा निघाला. तिचाही आणि त्याचाही. ती तिथे राहत होती म्हणून सांगता येत नव्हतं, आता राहत नाही म्हणून सांगायचं कारण उरलं नाही. आणि दोन्ही गोष्टी तो सारख्याच सज्जनपणे, सारख्याच दुःखी डोळ्यांनी म्हणू शकत होता. तिला दिसलं की तिसरी काही अवस्था असती तर तिच्यासाठीही त्याच्याकडे एक सभ्य वाक्य निघालं असतं. शिंपीणबाई, घड्याळजी, ती सगळी पायरीवर बसलेली माणसं या खोलीत कधी आलीच नव्हती. इथे विषय होता तो फक्त बाळचा आणि त्याच्या शोभेचा.

‘‘तू घाबरतोस कुणाला?’’ तिने विचारलं. ‘‘तुला काढतील? पुढच्या वर्षी तसाही उतरणारच आहेस. तुरुंगात घालतील? एक वाक्य बोलायचं आहे, तुझ्याच अधिकारातलं, तूच मला शिकवलेलं. मी त्या वाक्यासाठी घर देऊन आले.’’

‘‘ओरडू नकोस, अक्का. बाहेर माणसं आहेत.’’

‘‘आहेत तर ऐकू देत!’’ तिचा आवाज त्या उंच छताला लागून परत आला आणि तिलाच अनोळखी वाटला. दार किलकिलं झालं, गणवेशातला अधिकारी डोकावला. बाळने त्याला नजरेनेच थांबवलं, मग तिच्याकडे पाहून म्हणाला, ‘‘यांना गाडीने घरी सोडा.’’ तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्यही त्याने दुसऱ्याला सांगितलं.

ती गाडीत बसली नाही. चालत निघाली. वाटेत बसचे दोन थांबे लागले तरी थांबली नाही. थांबली असती तर रडली असती, आणि तिला रडायचं नव्हतं, रडणं म्हणजे पुन्हा कडा घासणं. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचलेली होती. बाबू लोक दुपारीच येऊन गेले होते. तिचं नाव घेऊन गेले होते. घड्याळजीच्या पायरीवर सगळे बसले होते आणि कुणी सरकून जागा करून दिली नाही. घड्याळजीने भिंग कपाळावर चढवलं. पहिल्यांदाच त्याला थट्टा सुचली नाही.

‘‘गेला होतात ना भावाकडे?’’ शिंपीणबाई म्हणाली. आवाजात काही नव्हतं. ‘‘काय म्हणाले?’’

अक्काच्या जिभेवर शब्द तयार होते, वर्षानुवर्षांचे, मऊ, भिजवून ठेवलेले. त्याचाही नाइलाज आहे हो. पदच तसं आहे. वाईट वाटलं त्यालाही. ते सगळे शब्द तिने तोंडात धरले आणि गिळले.

‘‘त्याला करता येण्यासारखं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘एकच गोष्ट होती, पण होती. त्याने केली नाही. आणि करणारही नाही. माझ्यामुळे अडलंय म्हणाला म्हणून मी जागा सोडली. ते ऐकून म्हणाला, मग आता कशाला.’’

घड्याळजीने कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं.

‘‘पुन्हा ते लोक येतील, माझं नाव पुढे करतील. तुम्ही कुणी सही करू नका. कोर्टात जा, पेपरात जा, गोदाम कुणाचं ते ओरडून सांगा. मला बोलवा, मी भावाचं नाव घेऊन सांगीन. आणि माझं नाव कुणी काढलंच, तर म्हणा, ती बाई मूर्ख आहे. मी समोर असले तरी म्हणा.’’

शिंपीणबाईने गळ्यातला टेप काढला, बोटाभोवती आवळून गुंडाळला. ‘‘म्हणू की,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात खोटं काय आहे? भावासाठी घर दिलंत, आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाहीत. कोण समजता हो तुम्ही स्वतःला?’’

ती ओरडत होती. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. अक्का मान खाली न घालता तिच्यासमोर उभी राहिली आणि तिला बोलू दिलं, सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत.